श्रीरंगपट्टण आणि म्हैसूर : बेटावरील किल्ला व संग्रहालये यांची निवड कशी करावी?

बेटावरची सुटी म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर समुद्र उभा राहतो आणि बेटावरचा किल्ला म्हटला की जंजिरा वा सिंधुदुर्ग. परंतु दक्षिणेत नदीच्या पात्रातील एक बेट असे आहे, की जेथे किल्ला, राजवाडा, देवालय, मशीद, समाधिस्थान आणि संग्रहालय हे सारे काही किलोमीटरच्या परिसरात एकत्र आढळते. म्हैसूरपासून सुमारे १५ किलोमीटर अंतरावर, कावेरीच्या दोन प्रवाहांच्या मध्ये वसलेले श्रीरंगपट्टण हे ते बेट होय. प्रशासकीयदृष्ट्या ते मंड्या जिल्ह्यात येते; पर्यटकांच्या दृष्टीने मात्र ते म्हैसूरच्या सहलीचाच भाग आहे.

महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य कुटुंबे म्हैसूर, उटी आणि बंगळूर अशी सहल करतात. अशा सहलीत श्रीरंगपट्टणाच्या वाट्याला बहुधा तासा-दीड तासाचा थांबा येतो. तेवढ्या वेळात देवदर्शन होते, एखादे छायाचित्र निघते आणि बस पुढे निघते. या बेटावर नेमके काय पाहावे, त्याला म्हैसूरमधील कोणत्या संग्रहालयाची जोड द्यावी आणि कोणते स्थळ वेळेअभावी सोडले तरी चालेल, याची माहिती येथे संकलित केली आहे. या बेटाशी मराठ्यांच्या इतिहासाचा जो संबंध आहे, त्याचाही परामर्श घेतला आहे. कारण तो संबंध ठाऊक असल्यास पाहण्याची निवड आणि पाहण्याची दृष्टी या दोन्हींत फरक पडतो.

बेटाची रचना

श्रीरंगपट्टणाच्या पश्चिमेस कावेरी दुभंगते. तिचे उत्तर व दक्षिण असे दोन प्रवाह बेटाला वळसा घालतात आणि पूर्वेच्या टोकाशी पुन्हा एकत्र येतात. या ठिकाणाला ‘संगम’ असे म्हणतात. बेटाची लांबी सुमारे पाच किलोमीटर असून रुंदी त्या मानाने बरीच कमी आहे. पश्चिमेकडील टोकावर किल्ला आहे. किल्ल्याबाहेर पूर्वेस दर्या दौलत बाग, त्यापुढे गंजाम ही वस्ती, तिच्या पलीकडे लालबागेतील गुंबज आणि शेवटी संगम, असा स्थळांचा क्रम लागतो. पश्चिमेकडून पूर्वेकडे असा प्रवास केल्यास उलटसुलट फेऱ्या वाचतात.

गावाला नाव मिळाले ते श्रीरंगनाथस्वामींच्या देवालयावरून. शेषशायी विष्णूचे हे देवालय गंग राजवटीच्या काळातील, इसवी सनाच्या नवव्या शतकातील मानले जाते. कावेरीच्या काठावरील तीन रंगनाथ क्षेत्रांपैकी हे पहिले, म्हणून त्यास ‘आदिरंग’ असे संबोधतात. शिवनसमुद्र हे ‘मध्यरंग’ आणि तमिळनाडूतील श्रीरंगम् हे ‘अंत्यरंग’ होय.

किल्ल्याची वाटचाल

येथील किल्ल्याचा आरंभ विजयनगरच्या काळात, पंधराव्या शतकाच्या मध्यास झाला. १६१० मध्ये राजा वोडेयार यांनी विजयनगरच्या प्रतिनिधीकडून श्रीरंगपट्टण घेतले आणि ते म्हैसूर राज्याची राजधानी झाले. म्हैसूरच्या ज्या दसऱ्याची कीर्ती आज सर्वत्र आहे, त्या राजदसऱ्याचा प्रारंभही याच वर्षी येथे झाला. पुढे १७९९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १९० वर्षे, राज्यकारभार या बेटावरून चालला. हैदरअली आणि त्याचा पुत्र टिपू सुलतान यांच्या काळात किल्ल्याची तटबंदी मोठ्या प्रमाणावर वाढविण्यात आली.

मराठी सैन्याचा या किल्ल्याशी संबंध अनेकदा आला. १७५७ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी श्रीरंगपट्टणास वेढा घालून खंडणीचा करार करून घेतला. ५ मार्च १७७१ रोजी मेलकोट्याजवळ, मोती तलावाच्या परिसरात, त्रिंबकराव पेठे यांच्या नेतृत्वाखालील मराठी फौजेने हैदरअलीचा मोठा पराभव केला. हैदर कसाबसा निसटून श्रीरंगपट्टणाच्या तटाआड गेला. मराठ्यांनी पाठोपाठ येऊन किल्ल्यास वेढा दिला, पण किल्ला हाती आला नाही आणि अखेर १७७२ मध्ये तह झाला.

तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७९०–१७९२) मराठे आणि निजाम हे इंग्रजांच्या बाजूने होते. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा या मोहिमेत सामील होत्या. पटवर्धनांच्या दप्तरातील या काळातील पत्रव्यवहार वासुदेवशास्त्री खरे यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त वाचावयास मिळतो. सहलीला निघण्यापूर्वी त्यातील काही पत्रे चाळल्यास छावणीतील धान्याची टंचाई, तोफा ओढणारे बैल, वाटाघाटी यांचे चित्र समोर उभे राहते.

याच मोहिमेतील एक अप्रिय घटनाही वाचकांनी लक्षात ठेवली पाहिजे. १७९१ मध्ये परशुरामभाऊंच्या सैन्याबरोबर असलेल्या लुटारू टोळ्यांनी शृंगेरीच्या शारदापीठाची लूट केली. टिपू सुलतानाने शृंगेरीच्या स्वामींना पत्रे लिहून खेद व्यक्त केला आणि मठाच्या पुनःस्थापनेसाठी मदत पाठविली. ही पत्रे पुढे मठात उपलब्ध झाली. दुसरीकडे टिपूच्या कूर्ग आणि मलबारमधील मोहिमांतील बळजबरीच्या धर्मांतरांचे व स्थलांतरांचे उल्लेखही इतिहासात आहेत. या बेटावरील इतिहास एकरंगी नाही. जो पर्यटक केवळ गौरव किंवा केवळ निषेध मनात धरून येथे येईल, त्याला पुरावा अपुराच दिसेल.

पावसाळा : किल्ल्याचा खरा पहारेकरी

श्रीरंगपट्टणाचे बळ तटांइतकेच कावेरीत होते. उन्हाळ्यात नदीचे पात्र उतरते, खडक उघडे पडतात आणि काही ठिकाणी पायउतार होतो. जूनमध्ये कोडगूच्या डोंगरांत पाऊस सुरू झाला, की पाणी चढते आणि बेट सुरक्षित होते. त्यामुळे वेढा घालणाऱ्याला उन्हाळा संपण्याच्या आत काम उरकावे लागे.

मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणासमोर आला, त्याने लढाई जिंकलीही; परंतु अन्नधान्य संपले, जनावरे मेली आणि पाऊस जवळ आला. अखेर स्वतःच्या जड तोफा निकामी करून त्याला माघार घ्यावी लागली. माघारीच्या वाटेवर मराठी फौजा त्याला येऊन मिळाल्या आणि मराठ्यांच्या लष्करी बाजारातील धान्यावर उपाशी इंग्रज सैन्याचा निभाव लागला. पुढील वर्षी फेब्रुवारीतच, ६ तारखेच्या रात्री, इंग्रजांनी बेटावर हल्ला चढविला. मार्च १७९२ मध्ये झालेल्या तहानुसार टिपूला निम्मे राज्य आणि ३ कोटी ३० लाख रुपये द्यावे लागले. शिवाय दोन मुलगे ओलीस ठेवावे लागले.

चौथ्या युद्धातही हेच गणित होते. ४ मे १७९९ रोजी दुपारी, किल्ल्याच्या वायव्य कोपऱ्याजवळ तोफांनी पाडलेल्या खिंडारातून इंग्रज फौज आत शिरली. त्या तुकडीचे नेतृत्व करणारा मेजर जनरल डेव्हिड बेअर्ड हा पूर्वी याच श्रीरंगपट्टणात कैदी होता. त्याच दिवशी टिपू सुलतान किल्ल्याच्या दाराशी लढताना मारला गेला. पावसाळा सुरू होण्यास जेमतेम महिना उरला होता. या युद्धात पेशवे प्रत्यक्ष सहभागी झाले नाहीत आणि इंग्रजांनी देऊ केलेला प्रदेशाचा वाटाही त्यांनी स्वीकारला नाही.

वायव्य कोपऱ्यावर १७९९ च्या हल्ल्यात पडलेल्या सैनिकांचा स्मृतिस्तंभ आहे. तेथे उभे राहून उन्हाळ्यात खाली पाहिल्यास पात्रातील खडक दिसतात आणि हल्लेखोर नदी कशी ओलांडू शकले, हे सहज उमगते. किल्ल्यातील एकच जागा पाहावयाची झाल्यास ती ही, असे सुचवावेसे वाटते. पर्यटकांच्या बस मात्र येथे क्वचितच थांबतात.

किल्ल्याच्या आत काय पाहावे?

किल्ला म्हणून महाराष्ट्रातील डोंगरी दुर्गांची कल्पना घेऊन येथे आल्यास निराशा होण्याचा संभव आहे. हा भुईकोट आहे. त्याच्या आत आजही गाव नांदते आणि बंगळूर–म्हैसूर लोहमार्ग त्यातून जातो. अवशेष घरांच्या, शेतांच्या आणि रस्त्यांच्या मधून विखुरलेले आहेत. पायी किंवा सायकलीने फिरल्यास ते नीट सापडतात.

जामा मशीद : पूर्वेकडील बंगळूर दरवाजातून आत शिरताच दोन उंच मनोऱ्यांची ही मशीद दिसते. ती टिपूच्या काळात, १७८० च्या दशकात बांधण्यात आली. मनोऱ्यांवरील कबुतरांसाठीच्या कोनाड्यांसारखी रचना लक्ष वेधून घेते.

श्रीरंगनाथस्वामी देवालय : मशिदीपासून थोड्या अंतरावर असलेल्या या देवालयातील पूजाअर्चा हैदर आणि टिपू यांच्या काळातही चालू होती. टिपूने देवालयास चांदीची भांडी दिल्याच्या नोंदी आहेत. सणाच्या दिवशी आणि सुटीच्या दिवशी येथे रांग मोठी असते. म्हणून सकाळी लवकर जावे.

लाल महाल : टिपूचा हा राजवाडा देवालयाच्या जवळच होता. आज जोत्याखेरीज तेथे फारसे काही उरलेले नाही. पाहण्यासारखे काही नाही म्हणून मार्गदर्शक ही जागा गाळतात. पण राजवाडा आणि देवालय किती निकट होते, हे या जोत्यावरूनच कळते.

तळघरातील तुरुंग : तटालगत जमिनीच्या पातळीखाली विटांच्या कमानींची दालने आहेत. कर्नल बेलीच्या नावाने ओळखला जाणारा तुरुंग त्यांपैकी प्रसिद्ध आहे. सप्टेंबर १७८० मधील पोल्लिलूरच्या लढाईत पकडला गेलेला बेली १७८२ मध्ये श्रीरंगपट्टणात कैदेतच मरण पावला. याच किल्ल्यातील बंदिवानांमध्ये धोंडजी वाघ हा मराठा सरदारही होता. १७९९ मध्ये किल्ला पडला त्या गोंधळात तो सुटला, त्याने फौज जमविली आणि सप्टेंबर १८०० मध्ये आर्थर वेलस्लीच्या सैन्याशी लढताना मारला गेला. हाच वेलस्ली पुढे ‘ड्यूक ऑफ वेलिंग्टन’ म्हणून जगास ठाऊक झाला.

दारूगोळ्याची कोठारे : विटा आणि चुन्यात बांधलेली अशी अनेक कोठारे किल्ल्यात आहेत. लोहमार्गाच्या दुहेरीकरणात यांपैकी एक कोठार आड येत होते. ते पाडण्याऐवजी संपूर्ण इमारत पायासकट उचलून २०१७ मध्ये नव्या जागी सरकविण्यात आली. वारसा आणि विकास यांच्या वादात मध्यम मार्ग निघू शकतो, याचे हे उदाहरण तंत्रज्ञानाची आवड असणाऱ्यांनी अवश्य पाहावे.

वेलस्ली पूल : दगडी खांबांवर दगडी शिळा टाकून बांधलेला हा पूल १८०४ मध्ये दिवाण पूर्णय्या यांच्या देखरेखीखाली पूर्ण झाला. पूर्णय्यांनी हैदर, टिपू आणि नंतर पुन्हा स्थापन झालेले वोडेयारांचे राज्य अशा तिन्ही राजवटींत उच्च पदे सांभाळली.

दर्या दौलत : भिंतीवर लिहिलेली लढाई

बेटावरील एकच इमारत निवडायची असेल, तर ती दर्या दौलत. कावेरीच्या काठावरील हा उन्हाळी महाल टिपू सुलतानाने १७८४ मध्ये पूर्ण केला. सागवानी खांब, खोल ओसऱ्या आणि चारही बाजूंना बाग अशी त्याची रचना आहे. उन्हापासून रंगांचे रक्षण व्हावे म्हणून ओसऱ्यांवर पडदे सोडलेले असतात. त्यामुळे बाहेरून इमारत साधी वाटते आणि आत गेल्यावर भिंतींचा एकही भाग रिकामा दिसत नाही.

पश्चिमेकडील भिंतीवर पोल्लिलूरच्या लढाईचे भव्य चित्र आहे. इंग्रज तुकडीने केलेला चौकोनी व्यूह, मधोमध पालखीत बसलेला जखमी बेली, दारूच्या गाड्यांचा झालेला स्फोट आणि चहूकडून आलेले म्हैसूरचे घोडदळ असा प्रसंग त्यात रंगविला आहे. चित्राकडे घाईने पाहिल्यास नुसती गर्दी दिसते. प्रथम मधला चौकोन शोधावा, मग स्फोट, आणि नंतर कडेचे स्वार पाहावेत. म्हणजे लढाईचा क्रम लागतो. टोपीवाले सैनिक सारखेच, निर्विकार चेहऱ्यांचे काढलेले आहेत, तर म्हैसूरचे सरदार ऐटीत दाखविले आहेत. हा विजेत्याने लिहिलेला वृत्तान्त आहे, हे विसरू नये.

आज दिसणारे सर्व रंग मात्र टिपूच्या काळातील नाहीत. चित्रे खराब झाल्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल असताना, ती पुन्हा रंगविण्यात आली. इंग्रजांच्या पराभवाचे चित्र इंग्रज सरकारनेच दुरुस्त करविले, हा इतिहासातील एक विलक्षण योग आहे. महालाच्या आतील संग्रहालय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या अखत्यारीत असून तेथे युरोपीय चित्रकारांची रेखाटने, व्यक्तिचित्रे, नाणी व शस्त्रे ठेवली आहेत. आत एका भिंतीवर विजेत्याची टिपूची बाजू आणि दालनात इंग्रजांनी काढलेली चित्रे, अशा दोन्ही बाजू एकाच छपराखाली पाहावयास मिळतात.

गुंबज आणि संगम

बेटाच्या पूर्वेस लालबागेत असलेला गुंबज ही हैदरअली, त्याची पत्नी आणि टिपू सुलतान यांची समाधी आहे. डिसेंबर १७८२ मध्ये मृत्यू पावलेल्या हैदरसाठी टिपूने ती बांधविली आणि पुढे स्वतः टिपूलाही तेथेच दफन करण्यात आले. सभोवती झिलई केलेल्या काळ्या दगडाचे खांब आहेत. आतील भिंतींवर वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची नक्षी आहे. हस्तिदंती जडावाचे दरवाजे डलहौसीने दिल्याचे सांगतात. हे श्रद्धास्थानही असल्याने पादत्राणे बाहेर ठेवावीत, मोठ्याने बोलणे टाळावे.

गुंबजापासून पुढे संगमावर लोक स्नानासाठी व अस्थिविसर्जनासाठी येतात. पाण्यात उतरताना प्रवाहाचा जोर स्थानिकांना विचारूनच पाय टाकावा. वरच्या बाजूस कृष्णराजसागर धरण आहे. तेथून पाणी सोडले, की पात्र अचानक भरते.

ज्या वस्तू येथे नाहीत

श्रीरंगपट्टणाचे संग्रहालय पाहून अनेकांना प्रश्न पडतो, की एवढ्या मोठ्या राजवटीचे वैभव गेले कोठे? उत्तर ४ मे १७९९ च्या घटनेत आहे. किल्ला पडल्यानंतर शहराची लूट झाली आणि नंतर राजवाड्यातील संपत्तीची सैन्यात वाटणी करण्यात आली. टिपूचे सुवर्णसिंहासन फोडून त्याचे तुकडे करण्यात आले. सिंहासनाच्या पायथ्याचे व्याघ्रमुख आणि वरील ‘हुमा’ पक्षी इंग्लंडच्या राजघराण्याकडे गेले. इंग्रज शिपायावर झेप घेणारा, कळ फिरविताच आवाज करणारा लाकडी वाघ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. वेल्समधील पोविस किल्ल्यातही टिपूच्या वस्तूंचा संग्रह आहे. मे २०२३ मध्ये टिपूच्या शयनगृहातील तलवार लंडनमधील लिलावात सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांना विकली गेली.

जमिनीतून मात्र अधूनमधून काही हाती लागते. २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात, नगर येथील एका कोरड्या विहिरीत, म्हैसूर बनावटीच्या अग्निबाणांच्या शेकडो लोखंडी नळ्या सापडल्या. हेच अग्निबाण पाहून इंग्लंडमध्ये विल्यम काँग्रीव्ह याने आपले अग्निबाण तयार केले होते. तेव्हा बेटावर वस्तूंची अपेक्षा न ठेवता जागांची ठेवावी आणि वस्तूंसाठी म्हैसूर शहरातील संग्रहालये पाहावीत.

म्हैसूर शहरातील संग्रहालये

१७९९ नंतर राजधानी म्हैसूरला आली. शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे ‘मैसूरु’ असे झाले आहे. येथील प्रमुख संग्रहालये पुढीलप्रमाणे आहेत.

म्हैसूरचा राजवाडा : जुना लाकडी राजवाडा १८९७ मध्ये आगीत भस्मसात झाल्यावर हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार नवा राजवाडा १९१२ पर्यंत उभारण्यात आला. दरबारमंडप, कल्याणमंडप, रंगीत काचांचे छत आणि दसऱ्याची सुवर्ण अंबारी ही मुख्य आकर्षणे होत. रविवारी व सार्वजनिक सुट्यांच्या दिवशी सायंकाळी हजारो दिव्यांची रोषणाई केली जाते.

जगन्मोहन राजवाड्यातील कलादालन : १८६१ मध्ये बांधलेल्या या वाड्यात विसाव्या शतकाच्या प्रारंभी चित्रसंग्रहालय सुरू झाले. राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे ही येथील ठेव आहे. मराठी पर्यटकाने येथे आणखी एका चित्रासमोर थांबावे. हाताच्या आडोशाने दिव्याची ज्योत जपणाऱ्या स्त्रीचे ते प्रसिद्ध जलरंगचित्र अनेकजण रविवर्म्यांचे समजतात. प्रत्यक्षात ते सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे आणि त्यासाठी त्यांची कन्याच समोर उभी राहिली होती. दिव्याचा उजेड बोटांतून लालसर होऊन झिरपतो, तो परिणाम जलरंगात साधणे अत्यंत कठीण मानले जाते.

रेल्वे संग्रहालय : १९७९ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय दिल्लीनंतरचे देशातील दुसरे रेल्वे संग्रहालय होय. वाफेची इंजिने आणि म्हैसूरच्या महाराणींचा शाही डबा येथे आहे. लहान मुले बरोबर असल्यास याला प्राधान्य द्यावे.

प्रादेशिक निसर्गविज्ञान संग्रहालय : करंजी तलावाजवळील हे संग्रहालय १९९५ मध्ये सुरू झाले. दक्षिण भारतातील जैवविविधतेची मांडणी शालेय विद्यार्थ्यांना उपयुक्त आहे.

लोककला संग्रहालय : म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात, जयलक्ष्मी विलास या जुन्या वाड्यात, कर्नाटकातील लोकजीवनाचा संग्रह जतन केलेला आहे. वाड्याच्या दुरुस्तीमुळे दालने बंद असू शकतात. म्हणून आधी विद्यापीठात चौकशी करूनच जावे.

प्राच्यविद्या संशोधन संस्था : ही संग्रहालयापेक्षा अभ्याससंस्था अधिक आहे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’ची ताडपत्रावरील प्रत येथेच आर. शामशास्त्री यांच्या हाती आली आणि १९०९ मध्ये तो ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी पूर्वपरवानगी घेऊन येथे भेट द्यावी.

वेळेनुसार निवड

अर्धा दिवस असल्यास : सकाळी देवालय, नंतर वायव्य कोपऱ्यावरील स्मृतिस्तंभ आणि शेवटी दर्या दौलत. या तीन स्थळांत बेटाचा धार्मिक, लष्करी आणि कलाविषयक असा तिन्ही अंगांचा परिचय होतो. दर्या दौलतसाठी किमान एक तास राखून ठेवावा.

एक दिवस असल्यास : वरील तीन स्थळांना जामा मशीद, बेलीचा तुरुंग, गुंबज आणि संगम यांची जोड द्यावी. दुपारचे ऊन टाळण्यासाठी तटावरील भाग सकाळी आणि दर्या दौलत व गुंबज दुपारनंतर पाहावेत. हा संपूर्ण दिवस बेटासाठीच ठेवावा; त्याच दिवशी म्हैसूरचा राजवाडा उरकण्याचा मोह टाळावा.

दोन दिवस असल्यास : दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैसूरचा राजवाडा, दुपारी जगन्मोहन राजवाड्यातील कलादालन आणि सायंकाळी, दिवस रविवार असल्यास, रोषणाई.

तिसरा दिवस मिळाल्यास : मुले असतील तर रेल्वे व निसर्गविज्ञान संग्रहालय, इतिहासाची आवड असेल तर मेलकोटे आणि मोती तलाव, म्हणजेच तोन्नूरचा तलाव. १७७१ च्या लढाईचा प्रदेश तेथून नजरेच्या टप्प्यात येतो. पक्षिनिरीक्षकांनी कावेरीतील छोट्या बेटांवरील रंगनतिट्टू अभयारण्याची निवड करावी. डॉ. सालिम अली यांच्या सूचनेवरून १९४० मध्ये संरक्षित झालेल्या या पाणथळीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला.

ज्येष्ठ नागरिक बरोबर असतील, तर तुरुंगाच्या पायऱ्या आणि तटावरील खडबडीत वाट वगळून दर्या दौलत, गुंबज आणि जगन्मोहन कलादालन ही सपाट ठिकाणे घ्यावीत.

ऋतू, प्रवास आणि खबरदारी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ फिरण्यास सुखावह असतो. दसऱ्याच्या दिवसांत म्हैसूरमध्ये निवासाची मोठी अडचण होते. आरक्षण पुष्कळ आधी करावे. जुलै-ऑगस्टमध्ये कावेरी भरून वाहते. तेव्हा बेट अत्यंत रमणीय दिसते. परंतु पूर आल्यास रंगनतिट्टूतील नौकाविहार आणि काठावरील काही स्थळे बंद ठेवावी लागतात. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक असते, मात्र १७९९ चा वेढा समजून घेण्यास हाच काळ योग्य.

बंगळूर–म्हैसूर लोहमार्गावर श्रीरंगपट्टण हे स्थानक आहे आणि म्हैसूरहून बसची सोयही चांगली आहे. मार्च २०२३ मध्ये उद्घाटन झालेला बंगळूर–म्हैसूर द्रुतगती मार्ग गावाला वळसा घालून जातो. त्यामुळे स्वतःच्या वाहनाने येणाऱ्यांनी गावाकडे वळण्याचा फाटा आधीच पाहून ठेवावा. संग्रहालयांचे साप्ताहिक सुटीचे दिवस वेगवेगळे आहेत. निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून किंवा अधिकृत संकेतस्थळावरून वेळ व तिकिटाची खात्री करून घ्यावी. सशुल्क मार्गदर्शक घेताना तो शासनमान्य आहे ना, हे ओळखपत्र पाहून ठरवावे आणि शुल्क आधी निश्चित करावे.

वारसा कोणाचा?

श्रीरंगपट्टण बेटावरील स्मारकांचा समावेश २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत करण्यात आला. संभाव्य यादीतील नाव ही केवळ पहिली पायरी असते. अंतिम दर्जासाठी संरक्षणाची ठोस व्यवस्था दाखवावी लागते, आणि येथे तेच कठीण आहे. नांदत्या गावातील तट, घरांना टेकलेले बुरूज, वाढती वाहतूक आणि खंदकात साचणारा कचरा हे प्रश्न केवळ सरकारी फलकांनी सुटणारे नाहीत. ज्या स्थळाला लोक भेट देतात, त्याची देखभाल होते; ज्याकडे कोणी फिरकत नाही, त्याची वीट हळूहळू शेजारच्या भिंतीत जाते. म्हणून पर्यटकाची निवड ही त्याच्या एका दिवसापुरती मर्यादित राहत नाही.

टिपू सुलतानाविषयी मतभेद आहेत आणि ते राहतील. मराठ्यांनी या भूमीवर विजय मिळविले, पराभव पत्करले, परक्यांना साह्य केले आणि काही प्रसंगी स्वतःला न शोभणारे वर्तनही केले. हे सारे ज्या जागी घडले, त्या जागा अजून शिल्लक आहेत. कावेरीच्या पात्रातील खडक, वायव्येकडील खिंडार आणि दर्या दौलतची भिंत प्रत्यक्ष पाहून प्रत्येकाने आपले मत बनवावे. त्यासाठी बसच्या वेळापत्रकातील तासा-दीड तासापेक्षा थोडा अधिक वेळ काढावा, एवढेच.